वर्गसमीकरण: आधी आलेख, मग सूत्र

घराच्या मागच्या भिंतीला लागून परसबाग करायची आहे. हाताशी २० मीटर तारेची जाळी आहे. भिंतीच्या बाजूला जाळी लागणार नाही, उरलेल्या तीन बाजूंना लागेल. बाग आयताकृती हवी आणि जागा बरोबर ४८ चौरस मीटर हवी. मग भिंतीपासून जाळी किती लांबवर न्यायची?

असा प्रश्न दिसला की दहावी झालेला माणूस लगेच सूत्र पुटपुटायला लागतो. उणे ब, अधिक-उणे वर्गमूळ, वगैरे. सूत्र पाठ असतं, पण ते नेमकं काय शोधून देतं असं विचारलं की घोडं पेंड खातं. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. आधी आलेख काढायचा, उत्तर डोळ्यांनी बघायचं आणि सूत्राकडे नंतर वळायचं. दहावीची मुलं, त्यांना शिकवायला बसलेले आईबाबा आणि स्पर्धा परीक्षेसाठी बऱ्याच वर्षांनी गणिताचं पुस्तक उघडणारे, सगळ्यांनाच हा क्रम सोपा जातो.

आलेख कागद, टोक केलेली पेन्सिल आणि खोडरबर एवढं जवळ ठेवा. पाठ्यपुस्तकात चलांसाठी रोमन अक्षरं असतात; इथे जुन्या पुस्तकांसारखं क्ष आणि य लिहिलं आहे, आणि सहगुणकांसाठी अ, ब, क. दोन अक्षरांमधला ठिपका म्हणजे गुणाकार.

आधी तक्ता

भिंतीपासून बाहेर येणारी बाजू क्ष मीटर धरा. अशा बाजू दोन, म्हणजे त्यांत २क्ष मीटर जाळी गेली. भिंतीला समांतर बाजूसाठी उरली २० − २क्ष. क्षेत्रफळाला य म्हणू:

य = क्ष·(२० − २क्ष) = २०क्ष − २क्ष²

क्षच्या जागी ०, १, २ असे आकडे घालत जा. हे कंटाळवाणं वाटेल, तरी स्वतःच्या हातानं करा.

क्ष = ० असता य = ०
क्ष = १ असता य = १८
क्ष = २ असता य = ३२
क्ष = ३ असता य = ४२
क्ष = ४ असता य = ४८
क्ष = ५ असता य = ५०
क्ष = ६ असता य = ४८
क्ष = ७ असता य = ४२
क्ष = ८ असता य = ३२
क्ष = ९ असता य = १८
क्ष = १० असता य = ०

उत्तर इथेच सापडलं: ४ मीटर किंवा ६ मीटर. पण तक्ता लगेच बाजूला ठेवू नका, त्यात बघण्यासारखं अजून बरंच आहे.

पहिली गोष्ट म्हणजे आकडे चढतात तसेच उतरतात. ५ च्या अलीकडे एक पाऊल ४८, पलीकडे एक पाऊलही ४८. दोन पावलांवर दोन्हीकडे ४२. दुसरी गोष्ट फरकांत आहे. लागोपाठच्या किमतींमधले फरक लिहून काढा: १८, १४, १०, ६, २, −२, −६, −१०, −१४, −१८. आता या फरकांमधले फरक काढा. प्रत्येक वेळी −४. रेषीय समीकरणात पहिलाच फरक कायम राहतो, म्हणून आलेख सरळ रेषा येतो. वर्ग असलेल्या राशीत पहिला फरक बदलत जातो, पण दुसरा कायम राहतो, आणि तो क्ष² च्या सहगुणकाच्या दुप्पट असतो. इथे सहगुणक −२, दुप्पट −४. तक्ता करताना एखादी किंमत चुकली असेल तर ती दुसऱ्या फरकात लगेच पकडली जाते. ही तपासणी शाळेत फारशी शिकवत नाहीत याचं मला नवल वाटतं.

कागदावर वक्र

आडव्या क्ष-अक्षावर १ सेंमी = १ मीटर घ्या. उभ्या य-अक्षावर तेच प्रमाण घेतलं तर ५० सेंमी कागद लागेल, म्हणून तिथे १ सेंमी = ५ चौरस मीटर. दोन अक्षांची प्रमाणं वेगळी असली तरी चालतं, फक्त कोपऱ्यात लिहायला विसरू नका.

तक्त्यातले अकरा बिंदू स्थापन करा. आता पट्टी बाजूला ठेवा. वर्गराशीच्या आलेखात कोणतेही दोन बिंदू सरळ रेषेनं जोडायचे नसतात. कागद असा फिरवा की तुमचं मनगट वक्राच्या आतल्या बाजूला येईल, म्हणजे हात आपोआप गोल वळतो. तीन-तीन बिंदूंचा तुकडा घेत हलक्या हातानं रेघ ओढा आणि वक्र जुळला की गडद करा. माथ्यावर टोक काढू नका. ४.५ आणि ५.५ या दोन्ही ठिकाणी य ४९.५ येतो, म्हणजे माथ्याजवळ वक्र जवळपास आडवा होऊन मग वळतो.

या वक्राला अन्वस्त म्हणतात. त्याचा माथा (५, ५०) हा शिरोबिंदू, आणि माथ्यातून जाणारी उभी रेषा क्ष = ५ हा सममितीचा अक्ष. या रेषेवर कागद दुमडला तर दोन्ही अर्धे एकमेकांवर बसतात.

आता य = ४८ वर पट्टी आडवी ठेवा. ती वक्राला दोन ठिकाणी छेदते, ४ वर आणि ६ वर. पट्टी वर सरकवत न्या. दोन छेदबिंदू जवळ येत जातात आणि य = ५० वर एकत्र होतात. पट्टी तिथे वक्राला नुसती टेकते. आणखी वर, य = ६० वर नेली तर वक्र खालीच राहतो. २० मीटर जाळीत ६० चौरस मीटरची आयताकृती बाग होतच नाही. हे कळायला सूत्र लागलं नाही, आकडेमोडही नाही.

जाताजाता एक. सगळ्यांत मोठी बाग ५ मीटर गुणिले १० मीटर येते, चौरस येत नाही. चौरसच सर्वांत मोठा असं बऱ्याच जणांच्या डोक्यात पक्कं असतं. ते चारही बाजूंना जाळी लावली तर खरं. एका बाजूला भिंत फुकट मिळाली की निम्मी जाळी भिंतीला समांतर जाते.

शून्याशी आणणं

आलेखावर उत्तर दिसतं, पण ते अदमासे. ४५ चौरस मीटर बाग हवी असती तर आलेखावरून ३.४ आणि ६.६ च्या आसपास वाचता आलं असतं, त्यापुढे नजर पोचत नाही. नेमका आकडा हवा तर समीकरण सोडवायला हवं, आणि त्यासाठी ते एका ठरावीक रूपात आणावं लागतं.

२०क्ष − २क्ष² = ४८

सगळी पदं एका बाजूला घ्या आणि २ ने भागा:

क्ष² − १०क्ष + २४ = ०

हे वर्गसमीकरणाचं सामान्य रूप, अ·क्ष² + ब·क्ष + क = ०. इथे अ = १, ब = −१०, क = २४. अट एकच, अ शून्य नको. अ शून्य झाला की वर्गाचं पदच गेलं आणि मागे साधं रेषीय समीकरण उरलं.

नवशिका गोंधळतो तो इथे. आपण काढलेला वक्र डोंगरासारखा खाली उघडणारा होता. य = क्ष² − १०क्ष + २४ चा आलेख काढला तर तो वर उघडतो आणि त्याचा तळ (५, −१) वर येतो. मग कोणता खरा? दोन्ही. पदं दुसऱ्या बाजूला नेताना चिन्हं बदलली म्हणून वक्र उलटा झाला, आणि २ ने भागल्यामुळे पसरट झाला. पहिल्या चित्रात आपण वक्र आणि य = ४८ ही रेषा कुठे भेटतात ते बघत होतो; दुसऱ्यात वक्र आणि क्ष-अक्ष कुठे भेटतात ते बघतोय. भेटीच्या जागा त्याच राहतात, ४ आणि ६. समीकरणाची मुळं म्हणजे याच जागा.

अ, ब, क काय करतात

क सगळ्यांत सोपा. क्ष = ० ठेवला की य = क उरतो, म्हणजे वक्र य-अक्षाला जिथे छेदतो ती उंची. क बदलला की अख्खा वक्र तसाच वर किंवा खाली सरकतो.

अ धन असेल तर वक्र वर उघडतो, ऋण असेल तर खाली. चिन्ह सोडून अ जितका मोठा तितका वक्र अरुंद, जितका लहान तितका पसरट.

ब जरा आडमुठा आहे. पुष्कळ जण सांगतात की ब मुळे वक्र डावी-उजवीकडे सरकतो. ते अर्धंच खरं. ब बदलला की शिरोबिंदू आडवा सरकतो आणि वरखालीही होतो. मात्र य-अक्षावरचा छेदबिंदू जागचा हलत नाही, कारण तो क च्या ताब्यात. मग ब चा अर्थ काय लावायचा? वक्र य-अक्ष ओलांडताना किती चढा आहे, ते ब सांगतो. बागेच्या मूळ राशीत, २०क्ष − २क्ष² मध्ये, ब = २०. क्ष = ०.१ असताना क्षेत्रफळ १.९८, म्हणजे जवळपास २० गुणिले ०.१. शून्याजवळ वक्र य = २०क्ष या सरळ रेषेला चिकटून चालतो आणि क्ष² चं पद मोठं होत गेलं तसा वळतो.

फोनवर किंवा संगणकावर जिओजेब्रा हे आलेख काढणारं ॲप उघडून तिन्ही अक्षरांना सरकपट्ट्या लावल्या तर हे डोळ्यांसमोर घडताना दिसतं. पण निदान तीन-चार आलेख हातानं काढून झाल्यावरच तिकडे वळा. आयता वक्र बघणाऱ्याला माथा कुठून आला याचा प्रश्न पडत नाही.

पूर्ण वर्ग

अवयव पाडण्याची पद्धत बहुतेकांना येते, म्हणून ती थोडक्यात. गुणाकार २४ आणि बेरीज −१० असलेल्या दोन संख्या शोधायच्या: −४ आणि −६. म्हणून (क्ष − ४)(क्ष − ६) = ०. गुणाकार शून्य तर दोघांपैकी एक शून्य, म्हणून क्ष = ४ किंवा ६. संख्या चटकन सुचल्या तर उत्तमच. दोन मिनिटांत सुचल्या नाहीत तर हट्ट सोडा, कारण बऱ्याच समीकरणांना असे सरळ अवयव नसतातच.

खरी कामाची पद्धत पूर्ण वर्गाची. परीक्षेत ती लांबलचक म्हणून टाळली जाते, पण आलेख समजून घ्यायला हिच्याइतकं काही उपयोगाचं नाही. क्ष च्या सहगुणकाचं निम्मं करा: −१० चं −५. (क्ष − ५) चा वर्ग क्ष² − १०क्ष + २५. आपल्याकडे २५ ऐवजी २४ आहे, एक कमी. म्हणून:

क्ष² − १०क्ष + २४ = (क्ष − ५)² − १

या एका ओळीत सगळा आलेख लिहिलेला आहे. कोणत्याही संख्येचा वर्ग ऋण नसतो, म्हणून (क्ष − ५)² कमीत कमी शून्य, आणि तोही क्ष = ५ ला. तिथे य = −१. हा झाला तळ. उरलेला वक्र म्हणजे साध्या य = क्ष² चाच वक्र, ५ घरं उजवीकडे आणि १ घर खाली नेलेला. कंसात उणे ५ असताना वक्र उजवीकडे कसा गेला, असं प्रत्येक जण विचारतो. उत्तर असं की कंस शून्य कधी होतो ते बघायचं. तो होतो क्ष अधिक ५ असताना.

मुळंही इथून पडतात. (क्ष − ५)² = १, म्हणून क्ष − ५ = +१ किंवा −१, म्हणून क्ष = ६ किंवा ४.

४५ चौरस मीटरच्या बागेसाठी समीकरण येतं क्ष² − १०क्ष + २२.५ = ०. पूर्ण वर्ग केला की (क्ष − ५)² = २.५. वर्गमूळ साधारण १.५८. म्हणून क्ष ३.४२ किंवा ६.५८. आलेखावरून वाचलेला अंदाज बरोबर होता, फक्त आता दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत पोचलो.

सूत्र

हीच युक्ती आकड्यांऐवजी अ, ब, क घेऊन केली की सूत्र तयार होतं. पण सुरुवातीलाच अ ने भागलं तर अपूर्णांकांचा गुंता होतो. त्यावरचा उपाय आपल्याकडे फार जुना आहे. ब्रह्मगुप्तांनी इ.स. ६२८ मधल्या ब्राह्मस्फुटसिद्धान्तात वर्गसमीकरण सोडवण्याची रीत शब्दांत दिली आहे. त्यांच्यानंतरच्या श्रीधराचार्यांची रीत आणखी सुटसुटीत आहे. त्यांचा बीजगणितावरचा ग्रंथ आज उपलब्ध नाही, पण भास्कराचार्यांनी तिचा उल्लेख करून ठेवल्यामुळे ती टिकली. रीत अशी: दोन्ही बाजूंना ४अ ने गुणा, मग दोन्हीकडे ब² मिळवा.

अ·क्ष² + ब·क्ष = −क
४अ²·क्ष² + ४अ·ब·क्ष = −४अ·क
४अ²·क्ष² + ४अ·ब·क्ष + ब² = ब² − ४अ·क
(२अ·क्ष + ब)² = ब² − ४अ·क

एकही अपूर्णांक आला नाही. आता वर्गमूळ घ्या आणि क्ष एकटा करा:

क्ष = (−ब ± √(ब² − ४अ·क)) ÷ २अ

पाठ केलेलं सूत्र ते हेच. आता त्याचे दोन तुकडे करून बघा. पहिला तुकडा −ब ÷ २अ. आपल्या समीकरणात १० ÷ २ = ५, म्हणजे सममितीचा अक्ष. दुसरा तुकडा √(ब² − ४अ·क) ÷ २अ. इथे √४ ÷ २ = १, म्हणजे अक्षापासून दोन्ही बाजूंना किती पावलं टाकायची ते. सूत्र एवढंच सांगतं: मधल्या रेषेवर उभे राहा, मग डावीकडे आणि उजवीकडे सारखंच अंतर चाला, तिथे मुळं आहेत. ± हे चिन्ह आलेखाच्या सममितीतूनच आलेलं आहे. एकदा हे दिसलं की सूत्र विसरायची भीती राहत नाही.

मुळांची बेरीज −ब ÷ अ का असते तेही यातून कळतं. एक पाऊल डावीकडे आणि एक उजवीकडे, बेरजेत दोन्ही कटतात आणि मधल्या आकड्याची दुप्पट उरते. मुळांचा गुणाकार क ÷ अ. उत्तर तपासायला हे दोन्ही वापरा: ४ + ६ = १०, ४ × ६ = २४.

विवेचक

वर्गमुळाखालची राशी ब² − ४अ·क हिला विवेचक म्हणतात. पुस्तकात तिचे तीन प्रकार पाठ करायला असतात. आपण ते पट्टी सरकवताना आधीच पाहिले आहेत.

४८ चौरस मीटरसाठी विवेचक १०० − ९६ = ४. धन, म्हणून दोन वेगळी वास्तव मुळं.

५० साठी समीकरण क्ष² − १०क्ष + २५ = ०, विवेचक शून्य. चालायचं अंतरच शून्य, दोन्ही मुळं ५ वर एकत्र. वक्र अक्षाला टेकतो.

६० साठी क्ष² − १०क्ष + ३० = ०, विवेचक १०० − १२० = −२०. ऋण संख्येला वास्तव वर्गमूळ नाही, वक्र अक्षापर्यंत पोचत नाही. परीक्षेत इथे ‘वास्तव मुळे नाहीत’ असं लिहायचं. ‘वास्तव’ हा शब्द गाळू नका, कारण पुढे अकरावीत संमिश्र संख्या आल्या की याच समीकरणाला मुळं सापडतात. आपल्या बागेसाठी मात्र अर्थ स्पष्ट आहे: जाळी पुरत नाही.

दोन उत्तरं आली, आता कोणतं घ्यायचं?

बागेच्या प्रश्नात ४ आणि ६ दोन्ही चालतात. क्ष = ४ घेतला तर बाग भिंतीलगत १२ मीटर लांब, ६ घेतला तर ८ मीटर. पण भिंतच १० मीटरची असेल तर पहिलं उत्तर बाद. समीकरणाला भिंत दिसत नाही, ती आपण बघायची.

या बाबतीत भास्कराचार्यांची उदाहरणं अजून ताजी वाटतात. १११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी सिद्धान्तशिरोमणी रचला; बीजगणित हा त्याचाच भाग मानतात. चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या शिलालेखात त्यांच्या घराण्याची माहिती आहे, आणि त्यांचे नातू चांगदेव यांनी या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा उल्लेखही. बीजगणितात माकडांची दोन गणितं आहेत.

पहिलं: कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग एवढी माकडं वनात खेळतायत, उरलेली १२ टेकडीवर ओरडतायत, तर एकूण किती? समीकरण मांडलं की क्ष² − ६४क्ष + ७६८ = ०. मुळं ४८ आणि १६. पडताळून बघा: ४८ चा आठवा भाग ६, वर्ग ३६, अधिक १२ म्हणजे ४८. १६ चा आठवा भाग २, वर्ग ४, अधिक १२ म्हणजे १६. दोन्ही बरोबर.

दुसरं: कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून त्याचा वर्ग केला, तेवढी माकडं गुहेत गेली, एक फांदीवर दिसतंय. समीकरण क्ष² − ५५क्ष + २५० = ०, मुळं ५० आणि ५. ५० नीट बसतं: १० − ३ = ७, वर्ग ४९, अधिक १. पण ५ घेतलं तर पाचवा भाग १, त्यातून ३ कसे वजा करणार? −२ चा वर्ग ४, अधिक १ म्हणजे ५, आकडेमोड जुळते. पण उणे दोन माकडं कुणी पाहिलीत? भास्कराचार्य इथे दुसरं उत्तर अयोग्य म्हणून सोडतात, कारण व्यवहारातली राशी ऋण निघाली तर लोकांना ती पटत नाही. ऋण संख्या त्यांना चांगल्या ठाऊक होत्या. प्रश्न माकडांचा होता म्हणून त्यांनी ते उत्तर नाकारलं.

चेंडूच्या गणितात याच्या उलट होतं. चेंडू सरळ वर सेकंदाला २० मीटर वेगानं फेकला आणि गुरुत्व त्वरण सोयीसाठी १० धरलं, तर क्ष सेकंदांनी उंची २०क्ष − ५क्ष². तो १५ मीटरवर कधी असेल? क्ष = १ आणि क्ष = ३. मुलं सवयीनं एक खोडून टाकतात. पण एक वर जातानाचं आहे आणि एक खाली येतानाचं, दोन्ही ठेवायची. शिवाय या आलेखाचा डोंगर म्हणजे चेंडूचा मार्ग नव्हे. चेंडू सरळ वर गेला आणि सरळ खाली आला. आडव्या अक्षावर वेळ आहे, अंतर नाही.

पाच बिंदूंत कच्चा आलेख

प्रत्येक वेळी अकरा बिंदूंचा तक्ता नको. य = २क्ष² − ३क्ष − ५ घ्या.

१. अ = २, धन. वक्र वर उघडणार.
२. क = −५. पहिला बिंदू (०, −५).
३. सममितीचा अक्ष −ब ÷ २अ = ३ ÷ ४ = ०.७५. तिथे य = −६.१२५. हा शिरोबिंदू.
४. (०, −५) हा बिंदू अक्षापासून ०.७५ डावीकडे आहे, म्हणून तेवढाच उजवीकडे (१.५, −५) आयता मिळाला.
५. विवेचक ९ + ४० = ४९. मुळं (३ ± ७) ÷ ४, म्हणजे २.५ आणि −१. वक्र (२.५, ०) आणि (−१, ०) मधून जातो.

पाच बिंदू गोल जोडा, आलेख तयार. विवेचक ऋण असेल तर पाचवी पायरी गळते. तेव्हा अक्षाच्या दोन्ही बाजूंना एकेक जास्तीची किंमत काढून घ्या.

नेहमीच्या चुका

ब ऋण असला की −ब धन होतो, तरी हात उणेच लिहितो. ब कंसात लिहायची सवय लावली की ही चूक थांबते. ब² लिहिताना तर ती हमखास होते: (−३)² म्हणजे ९, −९ नव्हे.

२अ ने सगळ्याला भागायचं असतं, फक्त वर्गमुळाला नाही.

क्ष² = ५क्ष दिसलं की दोन्हीकडून क्ष कापून क्ष = ५ लिहितात. शून्य हे मूळ गेलं! क्ष ने भागायचं नाही; क्ष(क्ष − ५) = ० लिहायचं. तसंच क्ष² = ४९ चं उत्तर फक्त ७ नाही, −७ सुद्धा.

क्ष(क्ष − १०) = −२४ असं लिहून क्ष = −२४ म्हणणारेही भेटतात. गुणाकार शून्य असेल तरच अवयवांना वेगळं करता येतं. म्हणून तर आधी सगळं एका बाजूला आणायचं.

सरावासाठी

जाळी ३० मीटर केली, भिंत तशीच. १०० चौरस मीटरसाठी क्ष किती? (५ किंवा १०.) सर्वांत मोठी बाग केवढी? (७.५ × १५, म्हणजे ११२.५ चौरस मीटर.) १२० होईल का? (विवेचक २२५ − २४० = −१५. नाही.)

भिंत नाही, २० मीटर जाळी चारही बाजूंना लावायची. २१ चौरस मीटरसाठी बाजू किती? (३ आणि ७. इथे दोन मुळं म्हणजे एकच बाग, आडवी आणि उभी.)

शेवटचं जरा अवघड, भास्कराचार्यांच्याच लीलावती या ग्रंथातलं. भुंग्यांच्या थव्याच्या निम्म्याचं वर्गमूळ एवढे भुंगे मालतीच्या फुलांकडे गेले. सबंध थव्याचे आठ नवमांशही गेले. उरला एक भुंगा कमळात अडकलेला आणि बाहेर गुणगुणणारी त्याची भुंगी, असे दोन. थवा केवढा? थव्याला क्ष धरलं तर वर्गमूळ आडवं येतं. म्हणून थवा २य² धरा. निम्म्याचं वर्गमूळ य झालं. समीकरण येतं २य² − ९य − १८ = ०, विवेचक ८१ + १४४ = २२५, मुळं ६ आणि −१.५. वर्गमूळ म्हणून घेतलेला य ऋण असू शकत नाही, म्हणून ६. थवा ७२ भुंग्यांचा: ६ मालतीकडे, ६४ ते आठ नवमांश, आणि ते दोघं.